एक्सप्लेनर : तेलाचा कॅन किती दिवसांत संपतो? रोजच्या तेल-तुपाचं गणित, सोप्या भाषेत

करडई की शेंगदाणा, घाण्याचं की रिफाइंड, तूप खावं की नको? प्रश्न रोजचेच आहेत. पण त्याआधी एक आकडा माहीत असायला हवा.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी पानभर होती आणि आहाराच्या रकान्यात मोजून तीन शब्द : 'तेल-तूप कमी करा.' घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आईनं विचारलं, "कमी म्हणजे किती? आणि आणायचं कोणतं, ते लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मग उत्तरं फॅमिली ग्रुपवर आली. मामा म्हणाले, करडई आणा. आत्या म्हणाली, रिफाइंड बंद करा, घाण्याचं सुरू करा. एका काकांनी व्हिडिओ पाठवला : रोज दोन चमचे तूप खा, नसा मोकळ्या होतात. सकाळपर्यंत सात सल्ले जमले आणि सातही वेगवेगळे होते.

हा गोंधळ फक्त आमच्या घरचा नाही. म्हणून या विषयाची खात्रीची माहिती एका जागी मांडायचा हा प्रयत्न.

थोडक्यात महत्त्वाचं

• कोणतं तेल, या प्रश्नाआधी किती तेल, हा प्रश्न येतो.
• राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या आदर्श थाळीत तेल-तुपाचा वाटा माणशी रोज २७ ग्रॅम आहे. म्हणजे साधारण सहा छोटे चमचे.
• संपृक्त फॅट कमी, असंपृक्त जास्त आणि ट्रान्स फॅट जवळपास शून्य, हा साधा नियम आहे.
• घाण्याचं असो वा रिफाइंड, एका ग्रॅम तेलात कॅलरी ९ च असतात.

आधी हे सांगा, शरीराला फॅट लागतं का?

लागतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये विरघळतात. गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घालायची आपली पद्धत त्यामुळेच शहाणपणाची आहे. पेशींची आवरणं फॅटपासून बनतात. लिनोलेइक आम्ल म्हणजे ओमेगा-६ आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल म्हणजे ओमेगा-३ ही दोन स्निग्धाम्लं तर शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती जेवणातूनच यावी लागतात.

त्यामुळे 'तेल पूर्ण बंद' हा सल्ला शास्त्रीय नाही. दोन वर्षांखालच्या बाळांच्या बाबतीत तर तेल-तुपात काटकसर करूच नये.

अडचण प्रमाणाची आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम फॅटमधून ९. हात थोडा सैल सुटला की हिशेब दुपटीनं चुकतो.

संपृक्त, असंपृक्त म्हणजे नेमकं काय?

यासाठी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. खोबरेल तेलाची बाटली पाहा. थंडीत ती गोठते आणि आपण ती उन्हात ठेवतो. करडईचं तेल त्याच कपाटात, त्याच थंडीत पातळच राहतं. असं का होतं?

फॅटचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. संपृक्त फॅटमध्ये ही साखळी सरळ असते. काडेपेटीतल्या काड्यांसारख्या या साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून तो पदार्थ लवकर घट्ट होतो. तूप, लोणी, खोबरेल आणि पाम तेलात अशा साखळ्या जास्त असतात.

असंपृक्त फॅटच्या साखळीत एक किंवा अनेक ठिकाणी दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत, तसंच हे तेल पातळ राहतं. एकच वाक असेल तर एक-असंपृक्त म्हणजे मुफा, अनेक असतील तर बहु-असंपृक्त म्हणजे पुफा. शेंगदाणा आणि मोहरीत मुफा भरपूर असतं. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनमध्ये पुफा.

याचा हृदयाशी संबंध काय? संपृक्त फॅट जास्त खाल्लं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते वाढतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर थर साचण्यात एलडीएलचा हात असतो, हे दशकानुदशकांच्या संशोधनातून पक्कं झालेलं आहे. असंपृक्त फॅट संपृक्तच्या जागी आलं की एलडीएल उतरतं.

इथे 'जागी' हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. संपृक्त फॅटच्या जागी पुफा असलेली तेलं दिली, तेव्हा हृदयविकाराचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण संपृक्त फॅट काढून तिथे मैदा आणि साखर आणली, तर असा फायदा दिसला नाही. थोडक्यात, तूप सोडून 'फॅट-फ्री' बिस्किटांचा पुडा संपवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मग ट्रान्स फॅट कशाला म्हणतात?

पातळ तेल स्वस्त, पण ते नानकटाईला किंवा खारीला खुसखुशीतपणा देत नाही. त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोडगा निघाला : तेलात हायड्रोजन सोडायचा, म्हणजे ते घट्ट होतं. भारतात हेच 'वनस्पती तूप' म्हणून आलं. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाचं नाव तर इतकं रुजलं की अनेक घरांत अजूनही कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणतात.

या प्रक्रियेत तेल अर्धवट घट्ट केलं की काही साखळ्यांमधला दुहेरी बंध राहतो, पण वाक निघून जातो. काडी पुन्हा सरळ होते. हे झालं ट्रान्स फॅट. हे एलडीएल वाढवतं आणि वर 'चांगलं' एचडीएल कमीही करतं. दोन्हीकडून तोटा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट जगभरातून हद्दपार करण्याची मोहीम सुरू केली.

भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, तेल आणि वनस्पती तुपातली ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली आणली. २०२१ मध्ये ती ३ टक्के झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. हीच २ टक्क्यांची मर्यादा तेल-तूप वापरून केलेल्या पदार्थांमधल्या फॅटलाही लागू आहे.

म्हणजे आताचं वनस्पती तूप निर्धोक झालं का? तसं नाही. ट्रान्स फॅट कमी झालं तरी घट्टपणा कुठून तरी आणावाच लागतो आणि तो बहुतेक वेळा पाम तेलातल्या संपृक्त फॅटमधून येतो. करंजी-शंकरपाळ्याच्या मोहनासाठी डालड्याचा हट्ट सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे.

रोज किती तेल चालेल? इथे कॅन कामाला येतो

जागतिक आरोग्य संघटना सांगते : दिवसभराच्या ऊर्जेपैकी फॅटमधून ३० टक्क्यांपर्यंत, संपृक्तमधून १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्समधून १ टक्क्यापर्यंतच. टक्क्यांत स्वयंपाक होत नाही, म्हणून ग्रॅममध्ये आणू. २००० कॅलरींचा आहार धरला तर एकूण फॅट सुमारे ६७ ग्रॅम, संपृक्त २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम.

पण ही ६७ ग्रॅमची गोळाबेरीज आहे. धान्य, डाळी, दूध, दाणे, मासे-मटण यांतलं न दिसणारं फॅट त्यातच आलं. वरून घालायचं दिसणारं तेल-तूप किती, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सांगितलं आहे : २००० कॅलरींच्या थाळीत २७ ग्रॅम. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे त्याचा आकडा वाढेल. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा वाढणार नाही.

आता कॅन काढा. आमचं घर चार माणसांचं. पाच लिटरचा कॅन बरोबर महिनाभर पुरायचा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे पाच लिटर झाले ४५५० ग्रॅम. भागिले चार माणसं, भागिले ३० दिवस : माणशी रोज ३८ ग्रॅम. शिवाय महिन्याला अर्धा किलो तूप, म्हणजे माणशी रोज ४ ग्रॅम. एकूण ४२.

हवे होते २७, जात होते ४२. फरक १५ ग्रॅमचा, म्हणजे रोज माणशी १३५ कॅलरी जास्त. यात बाहेरचा वडापाव, फरसाण, लग्नातलं जेवण धरलेलंच नाही.

उलटं गणित केलं तर चार माणसांच्या घरात अर्धा किलो तूप आणि तीन लिटर तेल, एवढंच महिन्याला बसतं. आमच्या घरची फोडणीची पळी मोजली, ती २५ मिलिलिटरची निघाली. तीन लिटर म्हणजे रोज १०० मिलिलिटर, म्हणजे अख्ख्या घराला दिवसभरात चार पळ्या. नाश्ता, दोन्ही वेळच्या भाज्या, आमटी, पोळ्या, सगळं धरून चार. आई यावर काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पोह्यांनाच दीड जाते."

(तुमच्या घरासाठी सोपं सूत्र : माणशी महिन्याला तेल-तूप मिळून सुमारे ८०० ग्रॅम. तूप-लोणी वजा करा, उरलं ते तेल.)

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०२५ मध्ये डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात आणि नंतर 'मन की बात'मध्येही तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. पाच लिटरच्या घरात १० टक्के म्हणजे अर्धा लिटर. सुरुवात म्हणून ते चांगलंच, पण आमच्यासारख्या घराला पुढे आणखी दीड लिटर उतरायचं आहे.

कोणत्या तेलात काय असतं?

खालचे आकडे १०० ग्रॅममधले, साधारण टक्केवारीत आहेत. बियाण्याची जात आणि हवामान यांनुसार थोडा फरक पडतो. क्रम : संपृक्त, मुफा, पुफा.

• करडई : ८, १५, ७५
• सूर्यफूल : ११, २५, ६२
• मोहरी : ८, ६५, २५
• सोयाबीन : १५, २४, ६०
• तीळ : १५, ४०, ४२
• ऑलिव्ह : १४, ७४, ११
• शेंगदाणा : २०, ५०, ३०
• राइस ब्रॅन, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं : २०, ४२, ३६
• पामोलिन : ४५, ४२, १२
• साजूक तूप : ६५, ३०, ४
• खोबरेल : ९०, ७, २

यादीतून तीन गोष्टी दिसतात.

एक, मराठवाडा-सोलापूरकडे पिढ्यान्पिढ्या खाल्ली जाणारी करडई आणि घराघरांतला शेंगदाणा ही दोन्ही तेलं चांगल्या बाजूला आहेत. त्यांना सोडून परदेशी तेलामागे धावायचं कारण नाही.

दोन, कोणतंही एक तेल परिपूर्ण नाही. करडई-सूर्यफुलात ओमेगा-६ भरपूर, पण ओमेगा-३ जवळपास नाही. मोहरी आणि सोयाबीनमध्ये ते थोडं मिळतं. म्हणून तज्ज्ञ आलटून-पालटून वापरायला सांगतात. एका महिन्यात शेंगदाणा, पुढच्या महिन्यात करडई किंवा सोयाबीन. किंवा भाजीला एक आणि फोडणीला दुसरं. मात्र दोन कॅन आणले म्हणून वापर दुप्पट व्हायला नको.

तीन, ओमेगा-३ ची खरी सोय तेलाच्या कॅनमध्ये नाही, चटणीच्या बरणीत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम जवसातून सुमारे २ ग्रॅम मिळतं. विदर्भात जेवणाच्या ताटात असते ती जवसाची चटणी म्हणूनच मोलाची. आख्खे दाणे तसेच पचनातून निघून जातात, तेव्हा भाजून कुटलेलं जवस खावं. मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली हे स्वस्त आणि उत्तम स्रोत आहेत. मात्र तळण्याऐवजी कालवण किंवा तिखलं करा.

खोबरेलाचं आणि तुपाचं काय?

सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात. खोबरेल वनस्पतीजन्य असलं तरी त्यातलं जवळपास ९० टक्के फॅट संपृक्त आहे. त्यातल्या लॉरिक आम्लानं एचडीएल वाढतं हे खरं, पण एलडीएलही वाढतं. कोकणात आणि गोव्यात ओल्या खोबऱ्याशिवाय जेवण होत नाही आणि ते सोडायला कुणी सांगत नाही. फक्त ज्या दिवशी वाटणात नारळ सढळ आहे, त्या दिवशी वरून तेलाची फोडणी हलकी ठेवा.

आता तूप. एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, सुमारे ३ ग्रॅम संपृक्त फॅट असतं. दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम. त्यामुळे वरण-भातावरच्या एका चमच्यानं निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. पण तो एकटा चमचा नसतो. म्हशीच्या निर्भेळ दुधात ६ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं. दिवसभरात असं ४०० मिलिलिटर दूध पोटात गेलं की २४ ग्रॅम फॅट झालं, त्यातलं १५ ग्रॅम संपृक्त. वर पोळीला तूप, शिऱ्यात तूप, संध्याकाळी फरसाण. २२ कधी ओलांडले, कळतही नाही.

म्हणून प्रश्न 'तूप चांगलं की वाईट' असा नाहीच. दिवसभराच्या २२ ग्रॅममध्ये तुम्ही कशाला जागा देता, हा प्रश्न आहे. तूप आवडतं? मग दूध टोण्ड घ्या, त्यात ३ टक्के फॅट असतं; डबल टोण्डमध्ये १.५ टक्के. घट्ट सायीचं दूध आवडतं? मग तूप आवरा. रोज दोन चमचे तुपानं नसा मोकळ्या होतात, याला मात्र भरवशाचा पुरावा नाही. ज्यांचं एलडीएल आधीच वाढलेलं आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

घाण्याचं चांगलं की रिफाइंड?

लाकडी घाण्यावर बी कमी उष्णतेत पिळलं जातं. त्यामुळे वास, चव, ई जीवनसत्त्व आणि इतर काही उपयुक्त घटक टिकतात. रिफाइनिंगमध्ये तेलातला चिकटा, आम्लता, रंग आणि वास काढतात. त्यासाठी क्षार, विशिष्ट माती आणि खूप तापलेली वाफ वापरतात. यात चांगले घटकही काही प्रमाणात जातात, तसे नको असलेलेही जातात.

पण संपृक्त-असंपृक्तचं प्रमाण दोन्हींत जवळजवळ तेच राहतं. शेंगदाणा घाण्याचा असो वा रिफाइंड, संपृक्त २० च्या आसपासच. कॅलरी तर तंतोतंत सारख्या. 'घाण्याचं आहे, म्हणून दोन पळ्या जास्त' ही सर्वांत महागडी चूक आहे.

वापराचा साधा नियम असा : ठेचा-भाकरीवर कच्चं तेल, चटणी, फोडणी, रोजची भाजी यांना घाण्याचं तेल छान. तळणीला, जिथे तेल १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, तिथे रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन जास्त टिकतं. घाण्याचं तेल तेवढ्या तापमानाला लवकर धुरकटतं. घाण्यावरून आणताना दाणे स्वच्छ, बुरशी न लागलेले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा. तेल थोडं-थोडं आणा, उन्हापासून दूर ठेवा.

पाकिटातलं, न दिसणारं तेल कसं ओळखायचं?

घरी तेल मोजलं तरी बिस्किटं, फरसाण, खारी, टोस्ट, नूडल्स यांतून येणारं तेल कॅनच्या हिशेबात नसतं. पाकिटाच्या मागे पाहायच्या चार गोष्टी :

• घटकांची यादी : जे सर्वांत जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तीन नावांत पामोलिन, पाम तेल, वनस्पती किंवा हायड्रोजनेटेड फॅट आलं, तर ते रोज खायचं पाकीट नाही.
• संपृक्त फॅट : दिवसाच्या २२ ग्रॅमशी तुलना करा. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका 'सर्व्हिंग'चा, हे आधी बघा. एक सर्व्हिंग म्हणजे कधीकधी दोनच बिस्किटं असतात.
• 'ट्रान्स फॅट फ्री' : १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर असा दावा करता येतो. पण त्यातून संपृक्त फॅटबद्दल काहीच कळत नाही.
• 'कोलेस्टेरॉल फ्री' : वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. पामोलिनवरही हे लिहिता येईल. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आणखी एक. पाकिटावर 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर ते दोन तेलांचं मिश्रण आहे. त्यात प्रत्येक तेल किमान २० टक्के असणं बंधनकारक आहे. समोर मोठ्या अक्षरांत ऑलिव्हचं चित्र असलं, तरी आत त्याचा वाटा तेवढाच असू शकतो. टक्केवारी वाचूनच घ्या.

तळणीचं उरलेलं तेल?

तेल पुनःपुन्हा तापवलं की त्यात 'पोलर संयुगं' साचत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम एफएसएसएआयनं १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. हा नियम हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा दिसतात : रंग काळपट, हाताला चिकट, फेस जास्त आणि धूर लवकर. असं तेल टाकून द्या.

घरी तळण करायचंच तर छोटी, खोलगट कढई घ्या, म्हणजे तेल कमी लागतं. उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका. जुन्या तेलात नवं ओतत राहणं तर टाळाच. आणि एकदा गंमत म्हणून तळणीआधीचं आणि नंतरचं तेल मोजून पाहा. जेवढं कमी भरलं, त्यातलं बहुतेक पुऱ्यांबरोबर पोटात गेलं.

मग या महिन्यापासून काय करता येईल?

• नवा कॅन उघडला की त्यावर मार्करनं तारीख लिहा. संपला की दिवस मोजा. एवढ्यानंच निम्मं काम होतं.
• कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढा.
• पळीऐवजी चमचा. भाजीत वाफेचा, झाकणावर पाणी ठेवायच्या जुन्या पद्धतीचा वापर वाढवा.
• रस्सा-उसळीवरचा तवंग वाढताना बाजूला करा. मिसळीची तर्री वेगळी मागवून वरून थोडीच घ्या.
• संध्याकाळच्या फरसाणाच्या जागी मूठभर दाणे, फुटाणे. दाण्यांतही तेल असतं, पण बरोबर प्रथिनं आणि तंतूही येतात.
• मेसमध्ये किंवा हॉटेलात जेवत असाल तर आठवड्यातले तळलेल्या पदार्थांचे दिवस आधीच ठरवा.

आमच्या कॅनचं काय झालं?

आईनं पहिल्या आठवड्यात विरोध केला. भरल्या वांग्याला तेल सुटलं नाही तर ती वांगी कसली, हा तिचा मुद्दा होता आणि चवीच्या बाजूनं तो बरोबरच होता. शेवटी तह झाला. भरली वांगी महिन्यातून दोनदा, पूर्ण तेलात. बाकीचे दिवस वाटीच्या हिशेबात. नाश्त्याला पोहे आठवड्यातून तीनदाच, इतर दिवशी उपमा, धिरडी आणि कधीतरी नुसती भाकरी-चटणी. डालडा गेला. जवसाची चटणी आली, ती मात्र सगळ्यांना पहिल्या दिवसापासून आवडली.

दुसरा कॅन ४१ दिवस पुरला. माणशी रोज सुमारे २८ ग्रॅम तेल आणि ४ ग्रॅम तूप, एकूण ३२. म्हणजे २७ वर आम्ही अजून आलेलो नाही. मध्ये पाहुणे येऊन गेले, एक साखरपुडा झाला.

बाबांच्या तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत एलडीएल उतरलेलं निघालं. ते तेलामुळे उतरलं, असं मी लिहिणार नाही. ते रोज औषध घेतात, चालायला जातात, आणि औषधाचा वाटा त्यात मोठा आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं : तेल कमी केलं म्हणून गोळी बंद करायची नाही.

पण डिस्चार्जच्या कागदावरच्या 'कमी'ला आता आमच्या घरात एक आकडा आहे. तिसऱ्या कॅनवर आईनं स्वतःच्या हातानं तारीख लिहिली आहे आणि खाली कंसात, माझ्याकडे बघत, एक शब्द : ४५.

*(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा इतर आजार असणाऱ्यांनी आहारात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा किंवा आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.)*